रोबोटचे पॉइंट रोज सरकतात? पेंडंट हातात घ्यायच्या आधी हे तपासा

लक्षण असं. सीएनसी लेथला (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कातयंत्राला) कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, भरणारा सहा अक्षांचा (सहा सांध्यांचा) रोबोट. रात्री शिफ्ट संपेपर्यंत झकास चाललेला. सकाळी सातला पहिलाच जॉब चकात (लेथच्या जॉब धरणाऱ्या जबड्यात) नीट बसत नाही, एअर सीटिंगचा (जॉब टेकला का हे हवेने तपासणाऱ्या सोयीचा) अलार्म येतो आणि लाइन थांबते. ऑपरेटर पेंडंट (रोबोट हाताने चालवायचा रिमोट) घेतो, पॉइंट (रोबोटला शिकवलेली जागा) जरासा सरकवतो, सेव्ह करतो, गाडी चालू. अकराच्या सुमाराला पुन्हा तोच अलार्म, पण आता चूक उलट्या बाजूला. मग दुसऱ्या शिफ्टचा गडी येतो आणि पॉइंट त्याच्या अंदाजाने परत फिरवतो. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन: "सायेब, आज परत बसंना झालंय."

शिरोली एमआयडीसीतल्या एका मशीन शॉपमध्ये हा खेळ मी साडेचार महिने पाहिला. खरं सांगायचं तर त्यातले पहिले दोन महिने मीही खेळत होतो. टचअप (पॉइंटची अशी किरकोळ दुरुस्ती) केलं की लाइन चालते, लाइन चालली की कुणी विचारत नाही. मेंटेनन्सवाल्याला यापेक्षा गोड विष दुसरं नाही.

रोबोट १२ किलो क्षमतेचा, पोच साधारण १.४ मीटर, कॅटलॉगवर रिपीटेबिलिटी ±०.०५ मिमी. जॉब म्हणजे बिडाचा हब, कच्चा ३.२ किलो, तयार २.६ किलो. ग्रिपर (रोबोटचा पकडणारा पंजा) दुहेरी, म्हणजे एका बाजूने तयार जॉब काढायचा आणि लगेच मनगट फिरवून दुसऱ्या बाजूचा कच्चा भरायचा. कोल्हापुरात रोबोट बघायला गेलात तर बहुतेक ठिकाणी असंच काहीतरी दिसेल. ऑइल इंजिनाच्या काळापासून इथं ओतकाम आणि मशिनिंग शेजारी शेजारी वाढलं, त्यामुळे रोबोटच्या वाट्याला येतं ते ओबडधोबड कास्टिंग, त्यावरची वाळू आणि बिडाची काळी पूड.

पहिला वाद ठरलेला असतो. मालक कॅटलॉग पुढे करतो, "±०.०५ लिहिलंय, मग अर्धा मिलिमीटर कसा सरकतो? कंपनीने फसवलं." कंपनीचा इंजिनिअर पुण्याहून येतो, पाच-दहा वेळा रोबोट एकाच जागी नेऊन दाखवतो, काटा जागचा हलत नाही, तो चहा पिऊन निघून जातो. दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात.

गुळाच्या पेठेत एखादा काटा दर वेळी बरोबर ५० ग्रॅम कमी दाखवतो असं समजा. दहा वेळा वजन करा, दहाही वेळा तेवढाच फरक. हा काटा रिपीटेबल आहे, अचूक नाही. रोबोटचं तसंच. शिकवलेल्या जागी तो पुन्हा पुन्हा किती जवळ येतो ती रिपीटेबिलिटी, आणि ती बहुतेक मध्यम रोबोटची मिलिमीटरच्या काही शतांशांत असते. पण "बेसपासून एक्स ९००, वाय २५०, झेड ४००ला जा" असं आकड्याने सांगितलं तर तो नेमका तिथेच जाईल का, ही अचूकता. कॅलिब्रेट न केलेल्या रोबोटची ती अर्धा-एक मिलिमीटर किंवा त्याहून जास्तही चुकते. हाताने पॉइंट शिकवून काम करणाऱ्याला अचूकतेशी फारसं घेणं नसतं. कॉम्प्युटरवर प्रोग्राम करून आणणाऱ्याला, किंवा कॅमेऱ्याने जागा शोधून उचलणाऱ्याला, मात्र तिथेच घाम फुटतो.

आणि कॅटलॉगमधला आकडा मोजतात कसा? आयएसओ ९२८३ प्रमाणे. कामाच्या जागेत एक घन कल्पायचा, त्यातले पाच पॉइंट घ्यायचे, प्रत्येक पॉइंटवर ३० वेळा जायचं, मनगटावर ठरलेलं वजन ठेवायचं. वातावरणाचं तापमान २० अंशांच्या आगेमागे दोन अंशांत. आता आपली शेड बघा. जानेवारीत सकाळी पंधराच्या आसपास, दुपारी तिशीला टेकलेलं, वर पत्रा, पलीकडच्या भिंतीला भट्टी. थंड रोबोट तापत जाताना पॉइंट किती सरकतो याची त्याच मानकात वेगळी चाचणी आहे, ड्रिफ्टची. तो आकडा कॅटलॉगवर छापलेला मला क्वचितच दिसला आहे. म्हणजे कंपनी खोटं बोलत नाही, आपल्याला हवं ते सांगत नाही एवढंच.

साक्षीदार पिन

दोन महिने टचअप केल्यावर मी पेंडंटला पासवर्ड टाकला आणि शिव्या खाल्ल्या. मग उद्यमनगरातल्या तात्यांकडून दोन पिना करून घेतल्या. हार्डन करून ग्राइंड केलेल्या, १० मिमीच्या. एक रोबोटच्या स्वतःच्या पेडेस्टलवर (रोबोट ज्यावर उभा असतो त्या खांबावर) पक्की बसवली, दुसरी लेथच्या बेडवर. ग्रिपरच्या अंगावर एक ग्राइंड केलेला चौकोनी ठोकळा लावला. प्रत्येक पिनेवर डायल (बारीक सरक मोजणारं काट्याचं घड्याळ) अडकवायची सोय केली आणि एक छोटा प्रोग्राम लिहिला: दर तासाला रोबोट दोन्ही पिनांपाशी त्याच वाटेने, त्याच वेगाने, रिकाम्या ग्रिपरने येतो, थांबतो, ऑपरेटर डायल वाचून वहीत लिहितो. वही पॅनेलला सुतळीने बांधली, नाहीतर ती दोन दिवसांत गायब होते.

डायल वाचायला आत जाणार असाल तर सेफ्टीला बगल देऊ नका. मोड टीचवर, म्हणजे वेग २५० मिमी प्रति सेकंदाच्या वर जात नाही, आणि पेंडंटचा तीन टप्प्यांचा स्विच आत गेलेल्या माणसाच्याच हातात. कुंपणाच्या दाराच्या स्विचला चुंबक चिकटवून आत जाणारे बहाद्दर मी पाहिले आहेत. त्यातल्या एकाची बरगडी कशी मोडली तेही पाहिलं आहे.

दोन पिना का? चूक कुठे दिसते यावरून ती कुणाची हे कळतं, म्हणून. लेथवरच्या पिनेपाशी फरक आला पण पेडेस्टलवरच्या पिनेपाशी नाही, तर रोबोट निर्दोष. लेथ सरकला आहे, नाहीतर दोघांमधली जमीन. दोन्हीकडे फरक आला तर ग्रिपर १८० अंश फिरवून पुन्हा वाचा. फरकही ग्रिपरसोबत उलटला तर दोष ग्रिपरचा किंवा फ्लँजचा (मनगटाच्या ज्या तबकडीला ग्रिपर जोडतात तिचा). उलटला नाही, आणि रोबोट जितका लांब पोचतो तितका वाढत गेला, तर एखाद्या अक्षाचं मास्टरिंग (अक्षाचं शून्य कुठे याची कंट्रोलरमधली नोंद) किंवा रोबोटला पेडेस्टलवर धरणारे बोल्ट. अक्षात ०.०१ अंशाची चूक म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण १.४ मीटरवर ती जवळजवळ पाव मिलिमीटर होते. डावीकडून आल्यावर एक आणि उजवीकडून आल्यावर दुसरं वाचन येत असेल तर गिअरबॉक्समध्ये प्ले (ढिलेपणा) आला आहे. आणि दोन्ही पिना म्हणतात सगळं ठीक, तरी जॉब बसत नाही? मग रोबोटला सोडा, जॉब बोटांत कसा बसतोय ते बघा.

आमच्या वहीत पहिल्या आठवड्यात काय दिसलं? सकाळी सातपासून साडेआठपर्यंत दोन्ही पिनांपाशी वाचन हळूहळू सरकत गेलं, एकूण ०.२२ मिमी, आणि मग दिवसभर जागेवर. ही उष्णता. ॲल्युमिनियमचा एक मीटरचा तुकडा २० अंशांनी तापला तर ०.४६ मिमी लांबतो, पोलादाचा त्याच्या निम्मा. रोबोटच्या हातात दोन्ही असतात, शिवाय मोटर आणि गिअरबॉक्स आतून तापतात. यात बिघाड काही नाही.

मला वाटलं, सापडलं. वॉर्मअप प्रोग्राम लावला: शिफ्टच्या आधी वीस मिनिटं रिकामा रोबोट उत्पादनाच्याच वेगाने, सगळे अक्ष भरपूर फिरतील असा. सकाळचा अलार्म गेला. मालकाने पेढे द्यायचं तेवढं बाकी ठेवलं.

तिसऱ्या आठवड्यात बुधवारी दुपारी दोन आणि तीनच्या वाचनांत १.१ मिमीचा फरक आला. एका तासात, एकदम.

उष्णता कधी उडी मारत नाही. ती सरकते. वाचनात पायरी दिसली की काहीतरी निसटलंय, आपटलंय किंवा कुणीतरी हात लावलाय असं समजायचं. हात लावणं शक्य नव्हतं, पासवर्ड माझ्याकडे. ग्रिपर फिरवून वाचलं, फरक उलटला. म्हणजे ग्रिपर. बोल्टवर टॉर्क रेंच लावला, चारही घट्ट. डोकं खाजवत शेवटी ग्रिपर उतरवला, तर फ्लँजमधल्या डॉवेलच्या (जागा पक्की करणाऱ्या पिनेच्या) भोकात डॉवेलच नाही.

एक पिन, सहा मिलिमीटरची

छोट्या-मध्यम रोबोटच्या मनगटाची फ्लँज बहुतेकदा आयएसओ ९४०९च्या मापाची असते: ५० मिमी वर्तुळावर चार एम ६ बोल्ट, मध्ये केंद्र धरणारा खळगा आणि ६ मिमीचं एक डॉवेल भोक. खळगा ग्रिपरला मधोमध ठेवतो. पण गोल फिरण्यापासून अडवतो तो डॉवेल. बोल्टचं ते कामच नाही. बोल्ट दाबून धरतो, जागा ठरवत नाही.

हिशोब करून बघा. एम ६ बोल्टसाठी ॲडाप्टर प्लेटला भोक पडतं ६.६ मिमीचं, म्हणजे प्रत्येक बाजूला ०.३ मिमी मोकळीक. बोल्ट केंद्रापासून २५ मिमीवर, आमच्या ग्रिपरची बोटं केंद्रापासून १६० मिमीवर. २५ वर ०.३, तर १६० वर किती? १.९ मिमी. दोन्ही बाजूंना तेवढी. बोल्ट कितीही आवळा, प्लेट फक्त घर्षणावर उभी, आणि जरा जोर लागला की या मोकळिकीत कुठंही जाऊन बसणार. आमचा १.१ त्यात आरामात मावतो.

डॉवेल गेला कुठे? सापडला. कंट्रोलर पॅनेलच्या डोक्यावर, धुळीत, चहाच्या कपाशेजारी. सहा महिन्यांपूर्वी ग्रिपरची बोटं बदलली तेव्हा ॲडाप्टर प्लेट बाहेरून नवीन करून आणली होती, त्यात डॉवेलचं भोक किंचित चुकलं. फिटरने ठोकून बघितलं, बसेना, म्हणून "नंतर बघू" म्हणत वर ठेवला. त्याला दोष देऊन उपयोग नाही. बोल्ट आवळले होते, रोबोट चालत होता, आणि भोक चुकल्याचं कुणाला सांगायचं हेच ठरलेलं नव्हतं.

पण नुसता डॉवेल नसल्याने ग्रिपर का फिरेल? जोर कुठून आला? हे उलगडलं तेव्हा मला स्वतःचीच लाज वाटली.

जॉब भरताना क्रम असा असतो: रोबोट जॉब चकात धरतो, चकाचे जॉ बंद होतात, मग ग्रिपर उघडतो. मधला क्षणभर जॉब दोघांच्या तावडीत असतो. पॉइंट बरोबर असेल तर दोघांचं जमतं. पॉइंट पाव मिलिमीटर बाजूला असेल तर चक जॉबला आपल्या मध्याकडे ओढतो, त्याच्यासोबत बोटं, बोटांसोबत ग्रिपर. चकाची ताकद आणि १६० मिमीचा दांडा, त्यापुढे घर्षणाची काय मजाल. ग्रिपर केसभर फिरतो. दर जॉबला केसभर. शेवटी अलार्म.

आता टचअपकडे पुन्हा बघा. सकाळी रोबोट थंड, ०.२ सरकलेला. ऑपरेटर पॉइंट बदलतो. साडेआठला रोबोट तापून मूळ जागी येतो, पण पॉइंट आता चुकीचा. चक ओढतो, ग्रिपर फिरतो, अकराला अलार्म. पुन्हा टचअप, या वेळी फिरलेल्या ग्रिपरला धरून. दुसऱ्या दिवशी सकाळी रोबोट पुन्हा थंड. आमचं टचअपच हे दुखणं पोसत होतं. कोलिजन डिटेक्शनने (धडक ओळखून रोबोट थांबवणाऱ्या सोयीने) तरी ओरडायला हवं होतं ना? ते कुणीतरी "सारखं ट्रिप होतंय" म्हणून पार शेवटच्या पायरीवर सैल करून ठेवलेलं.

उपाय फार साधा. नवी प्लेट, डॉवेलचं भोक रीम करून, ६ मिमीचा डॉवेल ठोकून. बोल्ट रोबोटच्या पुस्तकातल्या टॉर्कला, शेजारी मार्करची रेघ, म्हणजे हललं तर डोळ्याला दिसतं. ग्रिपरच्या पुढच्या बाजूला स्प्रिंगवर दबणारी प्लेट, म्हणजे जॉब चकाच्या तळाला टेकवताना थोडी ढील मिळते. आणि चक बंद होताच ग्रिपर सोडायचा, मधला अर्ध्या सेकंदाचा थांबा काढून टाकला. तो थांबा कुणी, का घातला होता हे आजही कुणाला माहीत नाही.

बोटांचं वजन

ग्रिपर उतरवलाच होता म्हणून काट्यावर ठेवला. ६.३ किलो. कंट्रोलरमध्ये भरलेलं वजन ४.१. मूळ बोटं ॲल्युमिनियमची होती, ती झिजतात म्हणून कुणीतरी एमएसची (साध्या पोलादाची) करून घेतली. पोलाद ॲल्युमिनियमच्या जवळजवळ तिप्पट जड, हे सगळ्यांना पाठ असतं आणि ऐन वेळी कुणालाच आठवत नाही.

१२ किलोचा रोबोट म्हणजे १२ किलोचा जॉब, हा गैरसमज विकत घेतानाच होतो. त्या १२ मध्ये ग्रिपर, ॲडाप्टर, सेन्सर, नळ्या, जॉब, सगळं आलं. आमच्याकडे मनगट फिरवताना क्षणभर कच्चा आणि तयार दोन्ही जॉब हातात असतात: ६.३ अधिक ३.२ अधिक २.६, झाले १२.१. वर हे वजन फ्लँजपासून लांब आहे. प्रत्येक रोबोटच्या पुस्तकात वजन आणि अंतराचा एक आलेख असतो, फ्लँजपासून जितकं लांब तितकं कमी वजन चालतं. तो आलेख पाहिल्याशिवाय बोटं लांब करू नका.

वजन चुकीचं भरलं तर रोबोट बंद पडत नाही, म्हणूनच हा दोष लपून राहतो. गुरुत्वाकर्षणाला तोलायला मोटरला किती जोर हवा हे कंट्रोलर त्या आकड्यावरून काढतो, ब्रेक कधी मारायचा तेही. आकडा कमी भरला की हात थांबताना किंचित पुढे जाऊन मागे येतो, आणि कोलिजन डिटेक्शन विनाकारण ट्रिप होतं. मग कुणीतरी ते सैल करतं. पुढचं वर आलंच आहे.

याची खूण अशी: पेंडंटवरून हळू चालवलं तर पॉइंट अगदी बरोबर, ऑटोमध्ये पूर्ण वेगाने मात्र चुकतो. असं दिसलं की पॉइंटला हात न लावता आधी पेलोडचा (हातातल्या वजनाचा) आकडा बघा. तो ठीक असेल तर प्रोग्राममधली त्या पॉइंटची ओळ वाचा. रोबोटने तिथे पूर्ण थांबायचं आहे की कोपरा गोल करून पुढे निघायचं आहे? सायकल टाइम वाचवायला कोपरे गोल करत आलेला माणूस एखाद दिवशी भरायचा पॉइंटही गोल करतो.

बोटं आम्ही परत ॲल्युमिनियमची केली, फक्त जॉबला टेकणाऱ्या जागी हार्डन केलेले पोलादी तुकडे बसवले. एकूण पुन्हा दहाच्या आत आलं.

आणि कास्टिंग

एवढं करूनही महिन्यातून दोन-तीनदा अलार्म यायचाच, आणि पिना म्हणायच्या सगळं ठीक. म्हणजे जॉब. नकाराचे जॉब मी आठवडाभर वेगळे ठेवले आणि शनिवारी एका रांगेत मांडले. सगळ्यांवर पार्टिंग लाइनची (साच्याचे दोन अर्धे मिळतात त्या रेषेवरची) फिन, म्हणजे धातूची पातळ कड, एकाच बाजूला जाड. आमच्या बोटांची व्ही आकाराची खाच नेमकी त्या रेषेवर बसत होती.

वाळूच्या साच्यात वरची पेटी आणि खालची पेटी थोडी सरकली की कास्टिंगचे दोन अर्धे एकमेकांवर नीट येत नाहीत, आणि रेषेवर फिन राहते. फेटलिंगचा (कास्टिंग साफ करणारा) पोरगा ती ग्राइंडरने काढतो, पण शिफ्टच्या शेवटी त्याचा हात दमलेला असतो. माणूस भरत होता तेव्हा तो फिन असलेला जॉब हातातच ओळखायचा, दोनदा फिरवून बसवायचा आणि आपण काही विशेष केलं असं त्याला वाटतही नसायचं. रोबोट ते करत नाही. आम्ही बोटांची व्ही पार्टिंग लाइनच्या १२ मिमी खाली नेली, म्हणजे दोन्ही बोटं एकाच पेटीत ओतलेल्या भागाला धरतात. फाउंड्रीला पेटीच्या पिना आणि बुशा बदलायला सांगितलं. त्यांनी बदलल्या. दोन महिने लागले, पण बदलल्या.

हवेचं थोडक्यात: ४० मिमी बोअरचा सिलिंडर ६ बारला सुमारे ७५० न्यूटन देतो, ४ बारला ५००. सकाळी सगळी मशिनं एकदम हवा ओढायला लागतात तेव्हा ग्रिपरपाशी किती दाब आहे हे गेजवर वाचा, कॉम्प्रेसरपाशी नव्हे. पेडेस्टलचे अँकर बोल्ट सहा महिन्यांनी तपासा. शेडच्या शेजारच्या भागात नॉकआउट (साचा हादरवून कास्टिंग सुटं करणारं मशीन) असेल तर तीन महिन्यांनी.

काम बदललं की दुखणं बदलतं

गोकुळ शिरगावातल्या एका ओळखीच्या कारखान्यात मिग वेल्डिंगच्या रोबोटचं असंच रडगाणं होतं: सीम (जोडाची रेघ) चुकतो, रोज टचअप. तिथे पिना लावायची गरजच पडली नाही. टॉर्चच्या कॉन्टॅक्ट टिपचं (तार जिथून बाहेर पडते त्या टोकाचं) भोक झिजून लांबट झालं होतं, त्यामुळे रिळावरचा बाक घेऊन आलेली तार बाहेर पडताना बाजूला वळत होती. १.२ मिमी तारेला सीम साधारण तारेच्या निम्म्या जाडीइतका चुकला तरी चालतो, त्यापुढे वेल्ड एका पत्र्यावर चढतो. टिप बदलली, आणि टॉर्चचं टोक तपासायला एक टोकदार पिन कायमची बसवली, टिप बदलली की रोबोटने आधी तिथे जाऊन टोकाला टोक दाखवायचं. वेल्डिंगमध्ये रोबोटच्या रिपीटेबिलिटीने क्वचितच अडतं. पत्रा कापून वाकवून येतो त्याच्या मापाने अडतं, आणि फिक्स्चरच्या क्लॅम्पने.

फेटलिंगला रोबोट लावला तर ग्राइंडिंगचं चाक झिजत जातं, म्हणजे हत्याराचं टोकच रोज बदलतं. तिथे पॉइंट शिकवून भागत नाही, दाब मोजून तो कायम ठेवणारी सोय लागते, नाहीतर सकाळी जास्त खरवडलं जातं आणि संध्याकाळी फिन तशीच राहते. धातू ओतणाऱ्या रोबोटला शतांशांशी काही देणंघेणं नाही. तिथे बघायचं ते मनगट धूळ-पाण्याला बंद आहे का, केबलवर उष्णतेचं जॅकेट आहे का, आणि लॅडल (वितळलेल्या धातूचा डाव) तिरपा करण्याचा वेग दर ओतीला सारखा राहतो का. मालाचे खोके रचणाऱ्या रोबोटला चारच अक्ष पुरतात, पण वजन आणि वेग दोन्ही हवे. पेंटिंगवाल्याला जागेपेक्षा वाटेवरचा एकसारखा वेग महत्त्वाचा, आणि मोटर स्फोटापासून सुरक्षित हवी.

जाता जाता: १९६१ साली अमेरिकेत न्यू जर्सीच्या जनरल मोटर्सच्या कारखान्यात युनिमेट हा पहिला औद्योगिक रोबोट कामाला लागला, तो डाय कास्टिंगचे गरम भाग काढायला. म्हणजे हा गडी जन्मापासून ओतकामवाल्यांचाच. आपण त्याला मोटारीच्या वेल्डिंगच्या जाहिरातीत बघतो आणि परका समजतो.

नवीन घ्यायचा विचार असेल त्यांना माझं मत: रोज दहा प्रकारचे जॉब, प्रत्येकाचे पन्नास नग असं काम असेल तर आधी बोटं बदलून पहिला चांगला जॉब निघेपर्यंत किती मिनिटं लागतात ते घड्याळ लावून मोजा. विक्रेत्याच्या डेमोत नाही, तुमच्या माणसांकडून, तिसऱ्या शिफ्टला. तो आकडा अर्ध्या तासाच्या वर असेल तर सध्या थांबा, त्या पैशात बोटं चटकन बदलता येतील असा ग्रिपर आणि चांगलं कास्टिंग यांच्यामागे लागा.

एक राहिलं. एन्कोडरच्या (अक्ष किती फिरला हे मोजणाऱ्या सेन्सरच्या) बॅटऱ्या. त्या साधारण वर्षाने बदलतात, आणि बदलताना कंट्रोलर चालू ठेवावा लागतो. दिवाळीच्या सुट्टीत मेन बंद करून बॅटऱ्या बदललेल्या एका शॉपमध्ये सगळ्या अक्षांचं मास्टरिंग उडालं होतं. सगळे पॉइंट चुकले, प्रत्येक वेगळ्या मापाने, आणि दोन दिवस ते टचअपच करत बसले होते. आधी प्रत्येक अक्ष शून्याच्या खुणेवर आणून खूण जुळते का ते बघा. खूण जुळत नसेल तर एकाही पॉइंटला हात लावू नका, मास्टरिंग करून घ्या. मग पॉइंट आपोआप परत जागेवर येतील, निदान बरेचसे.

आमच्याकडे आता ऑपरेटरला पॉइंट बदलता येत नाही. त्याला एक ऑफसेट (मूळ पॉइंट तसाच ठेवून थोडं सरकवायची सोय) दिला आहे, जास्तीत जास्त ०.३ मिमी, आणि तो टाकला की कारण वहीत लिहायचं. गेल्या सात महिन्यांत वहीत फक्त एक पायरी आहे, ०.८ मिमीची, फक्त लेथवरच्या पिनेपाशी. पेडेस्टलची पिन जागच्या जागी, म्हणजे रोबोटची चौकशी पाच मिनिटांत संपली. लेथच्या मागच्या पायावर पिवळा रंग लागलेला होता. वहीत त्या ओळीपुढे फोर्कलिफ्टवाल्याची सही घेतली आहे.